ज्यांच्यासाठी मागायचं, ते सभेत नसतात

अमेरिकेत एखाद्या तरुण जोडप्याने मिशनरी म्हणून परदेशी जायचं ठरवलं, आणि त्यांची मंडळी कुठल्या मोठ्या संघटनेत नसलेली, स्वतंत्र बाप्टिस्ट असली, तर परदेशाचं तिकीट काढण्याआधी त्यांना स्वतःचाच देश पालथा घालावा लागतो. मिशन संस्था त्यांची निवड करते, पण पगार देत नाही. महिन्याला किती लागेल याचा हिशेब तेवढा मांडून देते: घरभाडं, विमा, मुलांचं शिक्षण, प्रवास, म्हातारपणाची तरतूद, संस्थेच्या कचेरीचा वाटा. ही रक्कम जोडप्याने मंडळ्यामंडळ्यांतून उभी करायची. एखादी मंडळी महिन्याला ५० डॉलर कबूल करते, एखादी १००, तर एखादी त्या दिवसाचं दानार्पण हातावर ठेवून प्रार्थनेचं आश्वासन देते. आकडा भरल्याशिवाय निघायचं नाही. याला तिथे 'डेप्युटेशन' म्हणतात आणि त्यात दोन-तीन वर्षं सहज जातात.

ही वर्षं गाडीतच संसार करण्याची. दर रविवारी नवं गाव, नवे पाळकसाहेब, नवी माणसं. उपासनेत थोडा वेळ मिळतो. नवरा आपल्याला पाचारण कसं झालं ते सांगतो, बायको साक्ष देते, मुलं त्या परक्या भाषेतलं एखादं कडवं म्हणून दाखवतात. पडद्यावर चित्रं सरकतात. दाराजवळच्या टेबलावर त्या देशातलं कापड, भांडी, बाहुल्या मांडलेल्या असतात, आणि कुटुंबाचा फोटो छापलेली छोटी कार्डं. लोक ती घरी नेऊन फ्रिजवर लावतात आणि रोज त्या नावांसाठी प्रार्थना करतात. दुपारचं जेवण एखाद्या सभासदाच्या घरी होतं, तिथे पुन्हा प्रश्न, पुन्हा तीच हकीगत, आणि संध्याकाळी गाडी पुढच्या गावाला लागते.

या प्रथेवर तिथेच पुष्कळ टीका होते. उमेदीची वर्षं रस्त्यावर जातात, मुलांच्या शाळेची आबाळ होते, ज्याला बोलता येतं त्याचा आकडा लवकर भरतो आणि मुखदुर्बळ पण कामाचा माणूस मागे राहतो. सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत. तरी मागत हिंडण्यात मला कमीपणा दिसत नाही. भिक्षेच्या निमित्ताने माणसं पारखावीत असं रामदास सांगतात. दासबोधात भिक्षेवर स्वतंत्र समास आहे. दहा घरी मागितल्यावर माणसाला आपलं म्हणणं दहा वेळा तपासावं लागतं, आणि देणाऱ्याला आपला पैसा कोणाच्या हाती जातो ते डोळ्यांनी दिसतं. माझा आक्षेप वेगळा आहे. या सभेत दोनच पक्ष हजर असतात, मागणारा आणि देणारा. ज्यांच्या नावाने मागणं चाललेलं असतं तो तिसरा पक्ष समुद्रापलीकडे असतो. त्याच्याविषयी काय बोललं गेलं हे त्याला कधीच कळत नाही, आणि बोलणाऱ्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या बोलण्यावर अवलंबून असतं.

मी मराठी ख्रिस्ती घरातली आहे. अहमदनगर जिल्ह्यातल्या ज्या लोकांची वर्णनं अमेरिकेतल्या देवळांत वाचून दाखवली गेली, त्यांच्यातलेच माझे पूर्वज. म्हणून हा विषय माझ्यासाठी दुरून पाहण्याचा नाही.

सुरुवातीपासूनच पाहू. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली: अडोनायरम जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. त्यांना पाठवणारं अमेरिकन बोर्ड दोन वर्षांपूर्वी स्थापन झालं होतं आणि त्याच्या तिजोरीत पाचही जणांना धाडण्याइतके पैसे नव्हते. मंडळ्यांना हाक गेली आणि थोड्याच आठवड्यांत कमी पडलेली रक्कम गोळा झाली. जडसन आणि न्यूएल यांची लग्नं त्याच आठवड्यातली. १९ फेब्रुवारीला ही दोन्ही जोडपी 'कॅराव्हॅन' जहाजातून कलकत्त्याला निघाली. कंपनी सरकारने त्यांना तिथे राहू दिलं नाही. हॅरिएट न्यूएल मॉरिशसच्या वाटेवर जहाजातच बाळंत झाली, बाळ दगावलं, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशसमध्ये तीही गेली. वय १९ वर्षं. जिथे जायचं होतं तिथे तिला एक दिवसही काम करता आलं नाही, पण तिचं चरित्र अमेरिकेत घरोघर वाचलं गेलं, आणि पुढे किती तरी वर्षं मंडळ्यांच्या दानामागे त्या चरित्राची आठवण होती.

दीक्षा घेतलेल्या पाचांपैकी हॉल आणि नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. नॉट प्रकृतीमुळे लवकर परतले. न्यूएल मागाहून मुंबईला आले. जडसन पतिपत्नी आणि राइस यांची गोष्ट निराळी झाली. प्रवासात आणि कलकत्त्यात बाप्तिस्म्याविषयी त्यांचं मत बदललं आणि ते बाप्टिस्ट झाले. ज्या मंडळ्यांनी नुकतेच पैसे दिले होते त्यांच्या पंथात ते उरलेच नाहीत. मग राइस अमेरिकेला परतले, बाप्टिस्ट मंडळ्यांकडे गेले आणि जडसन यांच्यासाठी मागू लागले. १८१४ साली फिलाडेल्फियात बाप्टिस्टांची पहिली राष्ट्रीय मिशन संघटना उभी राहिली ती मुख्यतः या हिंडण्यातून. परदेशी पुन्हा जायचं राइस यांच्या मनात होतं, पण १८३६ साली मृत्यू येईपर्यंत ते अमेरिकेतल्याच कच्च्या रस्त्यांवर घोडा आणि गाडी घेऊन फिरत राहिले. आजच्या डेप्युटेशनचा खरा पूर्वज मला तेच वाटतात.

इकडे मुंबईत हॉल आणि न्यूएल यांनी १८१८ साली अमेरिकन मंडळ्यांसाठी एक पुस्तिका लिहिली. तिच्या नावातच जगातल्या साठ कोटी लोकांचा दावा मांडला होता. एवढ्या माणसांना किती मिशनरी लागतील, मंडळ्यांना ते झेपेल का, याची गणितं तिच्यात आहेत. ही दोघं ढोंगी नव्हती. न्यूएल १८२१ साली पटकीने गेले. हॉल १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात वाटेवर पटकीनेच गेले. देह ठेवला तो इथल्याच मातीत. ज्यांच्यामध्ये ते रोज उठत-बसत, ज्यांची भाषा घासून शिकत होते, त्या मुंबईकरांना ते तोंडाने ओळखत असणार. तरीही अमेरिकेला लिहायला बसल्यावर ती माणसं साठ कोटींच्या बेरजेत विरघळली. ओळखीच्या चार माणसांच्या हकीगतीने देणारा हलतो, पण मोठं देणं मागायचं तर मोठी उणीव दाखवावी लागते, आणि दर सभेगणिक ती उणीव वाढत जाते. याला वैयक्तिक खोटेपणा म्हणून सोडून देता येणार नाही. चांगली माणसंही या रेट्यात सापडतात.

त्या मुलखात काय चांगलं आहे हे सांगितलं तर लोक विचारतील, मग तुम्ही तिथे कशाला जाता? हा प्रश्न टाळण्यासाठी जे गाळलं जातं ते मला सर्वांत जास्त खुपतं. ज्या गावाला आपली ओवी होती, कीर्तन होतं, सावकाराशी भांडण्याची आपली रीत होती, आपले शहाणे होते आणि आपली पापंही होती, ते गाव पडद्यावर फक्त अंधार म्हणून दिसतं. मग जोडपं तिथे पोचतं ते स्वतः रंगवलेलं चित्र डोळ्यांत घेऊन. दोन वर्षं रोज बोललेलं वाक्य बोलणाऱ्यालाही खरं वाटू लागतं.

देणाऱ्यांना जे दाखवलं त्यापेक्षा त्यांच्या पैशातून जे उगवलं ते किती वेगळं होतं, हे महाराष्ट्राइतकं क्वचितच कुणी सांगू शकेल. अमेरिकन बोर्डाने १८२७ साली सिंथिया फरार या अविवाहित बाईंना मुंबईला मुलींच्या शाळांसाठी पाठवलं. पुढे त्यांचं काम नगरला चाललं. त्यांची नगरची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात आपली शाळा काढली. न्यू इंग्लंडमधल्या ज्या बायकांनी मिशनच्या पेटीत नाणं टाकलं, त्यांनी फुल्यांच्या सत्यशोधक समाजाची कल्पनाही केली नसेल. मिशनच्या मुंबईच्या छापखान्यातली गोष्ट तर आणखी पुढची. गणपत कृष्णाजी ते छपाईचं तंत्र पाहून शिकले आणि त्यांनी मराठी पंचांग छापलं. जावजी दादाजींनी त्याच छापखान्यात उमेदवारी केली आणि १८६९ साली निर्णयसागर काढला, जिथून संस्कृत ग्रंथांच्या चोख आवृत्त्या पंडितांच्या घरोघर गेल्या. बायबलसाठी जमवलेल्या पैशाने मराठी अक्षरांचे खिळे ओतले गेले, आणि त्या कसबातून पुढे काव्यमाला आणि धर्मशास्त्रं छापली गेली. हे दान वाया गेलं असं मी म्हणणार नाही. देणाऱ्याने जे दिलं ते इथल्या माणसांनी आपल्या बुद्धीने, आपल्या गरजेने वापरलं. सभेत ज्यांना हात पसरून वाट पाहणारे म्हणून दाखवलं होतं, ते असे होते.

पैसे जमवण्याच्या दुसऱ्या रीती आहेत. सदर्न बाप्टिस्टांनी १९२५ साली मंडळ्यांचा पैसा एका सामायिक फंडात आणला आणि त्यांच्या मिशनऱ्यांची दारोदारची वणवण बहुतांशी थांबली. हडसन टेलर यांनी १८६५ साली चायना इनलँड मिशन काढलं तेव्हा नियमच केला की माणसांपुढे पैशाची मागणी करायची नाही, फक्त देवाकडे मागायचं. या नियमाला माझा आदर आहे. पण त्या मिशनचं 'चायनाज मिलियन्स' हे मासिक होतं, आणि त्याच्या नावातच पुन्हा कोट्यवधींचा आकडा होता. तोंडाने पैसे मागितले नाहीत तरी दूरच्या माणसाचं चित्र काढावं लागलंच. वर्गणीची पद्धत बदलून माझा प्रश्न सुटत नाही.

तो कसा सुटू शकतो हे मला पंडिता रमाबाईंमुळे दिसतं. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या १८८६ साली फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढची दोनेक वर्षं अमेरिकाभर हिंडल्या. चर्चमध्ये, स्त्रियांच्या सभांत त्या बोलल्या आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं आपलं इंग्रजी पुस्तक त्यांनी विकलं. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं, दहा वर्षं पैसे पुरवण्याचं वचन मिळालं आणि गावोगाव रमाबाई सर्कलं निघाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांचं विधवांसाठीचं शारदासदन उघडलं. डेप्युटेशनचीच ही उलटी यात्रा होती. इथे मागणारी बाई त्याच समाजातली होती आणि स्वतः विधवा होती.

तरीही तिसऱ्या पक्षाचा प्रश्न सुटला नाही. रमाबाई भारतात परतल्यावर सर्कलांचं काम अमेरिकन स्त्रियांच्या हाती राहिलं. १८९५ साली ब्रुकलिनमध्ये हिंदू विधवेच्या स्थितीवरून तिथलं रमाबाई सर्कल आणि स्वामी विवेकानंद यांची बाजू घेणारे लोक यांच्यात जाहीर वाद पेटला. एका बाजूला तिच्या हालांची वर्णनं, दुसऱ्या बाजूला तिच्या कायदेशीर हक्कांची. ज्या बाईविषयी हे चाललं होतं ती कोकणातल्या नाहीतर देशावरच्या एखाद्या स्वयंपाकघरात होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. वर्णन काळं करायचं की गोरं, एवढ्यावरच भांडण झालं की असंच होतं.

पण रमाबाईंची स्वतःची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत त्या जे बोलल्या ते त्यांनी आधी पुण्यात सांगितलं होतं. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी मराठीतून साक्ष दिली: शिकलेले पुरुषच स्त्रीशिक्षणाच्या आड येतात, बायकांसाठी बायका डॉक्टर आणि बायका शिक्षिका हव्यात. ज्यांच्यावर आरोप होता ते पुण्यातच होते. आणि अमेरिकेहून आल्यावर त्यांनी अमेरिकेतली लोकस्थिती सांगणारं पुस्तक मराठीत लिहिलं. त्यात कौतुक भरपूर आहे, पण काळ्या लोकांशी होणारी वागणूक आणि बायकांना मिळणारी कमी मजुरीही आहे. ज्यांच्याकडून पैसे घेतले त्यांच्या समाजाचं परीक्षण त्यांनी आपल्या लोकांपुढे मांडलं. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे, दोन्हीकडे सारख्याच धीटपणे सांगणारी अशी बाई मला दुसरी आठवत नाही.

मंडळ्यांत हिंडणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी हीच कसोटी लावीन. जे वाक्य इथे बोलणार, ते त्या गावच्या चावडीवर, त्यांच्याच भाषेत, त्यांच्या तोंडावर बोलता येईल का? येणार नसेल तर ते बोलू नये. त्यापायी आकडा भरायला आणखी एक वर्ष लागलं तरी लागू द्यावं. ही अट कठोर आहे आणि तिने दान कमी होईल, हे मला माहीत आहे. पण खोट्या चित्रावर मिळालेल्या पाठिंब्याचं ओझं शेवटी त्या गावावरच पडतं: चार वर्षांनी रजेवर परतताना देणाऱ्यांना फळ दाखवावं लागतं, आणि ते दिसत नसेल तर माणसांची मोजणी सुरू होते. किती बाप्तिस्मे, किती सभा. आमच्या इकडच्या दुष्काळात अन्नासाठी आलेल्यांची गणतीही कुठे तरी श्रद्धेच्या रकान्यात गेली असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

ही कसोटी पाळून मागणं कसं असतं, याचं उदाहरण शारदासदनाशीच जोडलेलं आहे. तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि जन्मभर त्यासाठी आणि पुढे महिला विद्यापीठासाठी वर्गणी मागितली. सत्तरी ओलांडल्यावर युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिकेचे दौरेही केले. पण त्यांचं मुख्य मागणं महाराष्ट्रातच होतं, आणि तिथे तिसरा पक्ष गैरहजर नव्हता. वर्गणीची वही पुढे केली तो गृहस्थ एखाद्या विधवेचा भाऊ किंवा सासरा असायचा, ती आतल्या खोलीतून ऐकत असायची, आणि कर्व्यांच्या घरात त्यांची पत्नी स्वतः पुनर्विवाहित विधवा होती. अतिशयोक्ती केली असती तर तिथल्या तिथे कुणी तरी टोकलं असतं. नुसतं खरं सांगून पैसे मिळायला वेळ लागतो, कर्व्यांनाही लागला.

जोडप्यातल्या बायकोविषयी थोडं बोलायला हवं. अमेरिकन बोर्डाच्या जुन्या नोंदींत मिशनऱ्याची बायको 'सहायक' म्हणून येते. अडोनायरम जडसन यांच्याबरोबर ब्रह्मदेशात गेलेल्या त्यांच्या पत्नी ॲन ब्रह्मी भाषा उत्तम शिकल्या, मत्तयकृत शुभवर्तमान त्यांनी सयामी भाषेत नेलं, आणि १८२२ साली आजारी अवस्थेत इंग्लंड-अमेरिकेला जाऊन ब्रह्मदेशातल्या मिशनची हकीगत पुस्तकरूपाने लिहिली. नवरा ब्रह्मदेशात असताना मंडळ्यांना जागं ठेवण्याचं काम त्यांनीही केलं. आजही डेप्युटेशनवरच्या बाईकडे पाहताना मुलं शांत बसतात का, तिला पियानो येतो का, हेच आधी पाहिलं जातं. त्या परमुलखात बाजारात, पाण्यावर, दवाखान्यात बायकांशी बोलणार ती, आणि तिची तयारी काय आहे हे क्वचितच कुणी विचारतं. तिला बोलायला जास्त वेळ दिला तर वर्णनंही सुधारतील असं मला वाटतं. रोजच्या जगण्याविषयी बोलणाऱ्याला 'अंधार' असा एकच शब्द वापरून भागत नाही.

भारतीय मंडळ्यांनी हे काम आपल्या हाती घेतलं तेव्हा काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. २५ डिसेंबर १९०५ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरला, सेरामपोर म्हणतात तिथे, राष्ट्रीय मिशन संस्था स्थापन झाली ती भारतीय माणसं आणि भारतीय पैसा यांच्या जोरावर. तिच्या संस्थापकांपैकी अझरिया यांनी १९१० च्या एडिनबरो परिषदेत पाश्चात्त्य मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं की तुमच्या त्यागाबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत, पण आम्हांला तुमची मैत्री हवी आहे. मिझोरममधल्या घराघरांत बायका स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, ते गोळा करून विकतात, आणि त्यातून मिशनरी पाठवले जातात. आमच्या नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडली. परदेशी पैशावर उभा असलेला उपदेशक आपल्या लोकांना शेवटी परक्याचा नोकर वाटतो, हे त्यांना कळलं होतं.

देशी पैसा आला की तिसरा पक्ष आपोआप सभेत येतो असं मात्र नाही. मुंबई-पुण्याच्या मंडळ्यांतून आज जोडपी नंदुरबार, डांग, ओडिशाच्या आदिवासी पाड्यांवर जातात, आणि आमच्या देवळांतही पडद्यावर उघड्या अंगाची मुलं दिसतात. अमेरिकेने आमच्याविषयी जे केलं तेच आम्ही भिल्लांविषयी करतो. यात मला जास्त लाज वाटते, कारण आम्हांला त्याची कळ माहीत आहे.

म्हणून काही गोष्टी लगेच करता येतील. जिथे जायचं तिथे आधीपासून मंडळी असेल तर तिथल्या पाळकांचं किंवा एखाद्या बाईचं पत्र घेऊनच दौऱ्यावर निघावं, आणि ते पत्र मिशनऱ्याच्या भाषणाच्या आधी पूर्ण वाचावं, त्यात पाठवणाऱ्यांवर टीका असली तरी. पाच-सहा मंडळ्यांत तरी त्या देशातला कुणी तरी बरोबर असावा आणि प्रश्नांची उत्तरं त्याने द्यावीत. देणाऱ्यांना जाणारं वार्षिक वृत्त आधी त्या गावच्या भाषेत, त्या गावात वाचून दाखवावं, आणि तिथे ज्या वाक्यावर हरकत येईल ते वाक्य आणि ती हरकत दोन्ही पुढे धाडावीत. उघड्या पोराचा फोटो त्याच्या आईला दाखवून विचारल्याशिवाय पडद्यावर येऊ नये. पाठिंब्याची मुदत पुढे वाढवताना मंडळीने मिशनऱ्याला बाप्तिस्म्यांचा आकडा विचारू नये. तिथल्या कुणाच्या घरी तो न बोलावता जाऊन बसतो, ते विचारावं, आणि त्या घरच्यांनाही विचारावं.